सोनुबाईचा वाळा

सोनुबाईला कुणी विचारलं होतं का? नाव तिनं ठेवलं नाही. बाराव्या दिवशी आत्यानं पाळण्यात वाकून कानात सांगितलं आणि ते जन्माला चिकटलं. वाळाही तिनं निवडला नसणार, घरची ऐपत होती तसा आला. टोमणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच वाट्याला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पुतण्या एवढं बोलून बारामतीला निघून गेला आणि मी इथं पिंपळीत बसून सोनुबाईची वकिली करतोय.

विषय बॅटींचा होता. खेळाडूच्या नावावर विकल्या गेलेल्या जुन्या बॅटी मी जमवतो. पात्यावर, मुठीच्या खाली, छापील सही असते. खेळाडूनं त्या बॅटीला कधी बोट लावलेलं नसतं. खऱ्या वापरलेल्या, खऱ्या सहीच्या बॅटी बघायच्या तर पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांनी उभं केलेलं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालय आहे. 2012 साली सचिनच्याच हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथं गेलं की माझ्या बॅटींची मला जरा लाज वाटते. घरी परतलो की वाटत नाही. असं का, हे मी अजून शोधतोय.

नाव विकायची ही कल्पना आपली नव्हे. अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉलपटूनं 1905 साली आपली सही लुईव्हिलच्या बॅटीवर उमटवायला परवानगी दिली. पुढं ग्लोव्हचीही तीच तऱ्हा. तिथले हौशी लोक जुने ग्लोव्ह जमवतात, आणि हातात घेतल्यावर आधी तळव्यावरची उठवलेली सही वाचता येते का ते बघतात. पण बिल डोक नावाच्या पिचरची गोष्ट जरा वेगळी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्यांचं जाळं विणलं तर चेंडू तिथं नीट बसेल, हे त्याचं स्वतःचं डोकं. रॉलिंग्ज कंपनीनं तसा ग्लोव्ह काढला आणि तो खेळणं थांबवून बसला तरी त्याच्या नावानं कित्येक वर्षं विकला. या सोनुबाईच्या हातात खरंच सोनं होतं म्हणायचं. बाकीच्यांचं काय?

आता कथील घ्या. म्हणीत ते हलकं. पण घरोघरी पितळ होतं तेव्हा कथलावाचून पान हलत नव्हतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी, ताक राहिलं की कळकलंच. मग कल्हईवाला यायचा, पाराशेजारी खड्डा करून भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट. पांढरा धूर, नाकात झणझणणारा वास. कथलाची कांडी आतून टेकवली की ती वितळायची, आणि कापसाचा बोळा गरकन फिरला की पिवळ्या पितळेवर पांढरी झळाळी चढायची. सोनं मिरवायला होतं, जेवण कथलानं राखलं. हे मी ओढूनताणून म्हणतोय, कळतं मला. म्हण धातूविषयी नाहीच. तरीही त्या पोरीच्या हातात जे होतं ते अगदीच टाकाऊ नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

कल्हईवाला आठवला की भांडी आठवतात आणि भांडी आठवली की त्यांच्यावरची नावं. आपल्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नसे. दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसलेला असायचा. भांडं दोन पायांत धरून बारीक छिन्नीनं टकटक ठिपके पाडत जायचा. कागदावरचं आडनाव कधी कधी आपल्या मनानं सुधारायचा. नंतर विजेचं यंत्र आलं आणि अक्षर गुळगुळीत पळायला लागलं. मला ठिपक्यांचंच आवडतं, बोटाला लागतं म्हणून.

या नावांच्या दोन जाती. एक मालकाचं: लग्नाच्या जेवणावळीत गावभर फिरलेलं पातेलं ज्याच्या त्याच्या घरी परत यावं म्हणून. दुसरं देणाऱ्याचं: अमक्या मामाकडून भाचीस, तमक्यांच्या स्मरणार्थ. आमच्या घरी एका तांब्यावर चुलतीच्या आजोळचं नाव आहे. त्या आजोळी आता कुणी नाही, वाडाही पडला. तांब्या तेवढा रोज भरतो, रोज रिकामा होतो. मोडीत घातला तर दुकानदार वजन करेल, नाव वाचणारही नाही. माझ्या बॅटींचं नेमकं उलटं. लाकडाला कुणी विचारत नाही, भाव सगळा नावाला.

पण बॅटीवरचं नाव या दोहोंपैकी कुठल्या जातीचं? माझ्याकडं एसजीची ‘सनी टॉनी’ आहे. ‘सनी’ म्हणजे अर्थातच गावसकर. मूळ सियालकोटची ही कंपनी फाळणीनंतर मेरठला आली. बॅट तेल पिऊन पिऊन काळपट तपकिरी झालीय. खालच्या टोकाला चीर गेली तेव्हा कुणीतरी दोरा गच्च गुंडाळून वर सरस फासलाय. मुठीवर रबरी ग्रिपऐवजी सायकलची ट्यूब. एवढी सेवा ज्यानं केली त्याचं नाव बॅटीवर कुठंच नाही. गावसकर हिचे मालक नव्हते, देणारेही नव्हते. तरी मी तिला ‘गावसकरची बॅट’ म्हणतो.

सचिनच्या काळात आणखी गंमत झाली. 1996 च्या विश्वचषकात त्यानं सर्वांत जास्त, 523 धावा केल्या त्या कोऱ्या बॅटीनं. तिच्यावर कुणाचं नावच नव्हतं. मग एमआरएफ आलं. 1946 साली मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरू झालेली ही टायरची कंपनी. बॅट खेळाडूच्या नावानं विकायची, इथपासून खेळाडूची बॅट टायरचं नाव मिरवते, इथपर्यंत गाडी आली. आणि आमच्याकडं, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला उसाच्या फडाशेजारी खेळणाऱ्या पोरांनी सुतारानं तासून दिलेल्या फळीवर कोळशानं, स्केचपेननं तीच तीन अक्षरं काढली. कथलाच्या वाळ्यावर पोरांनी आपल्या हातानं ‘सोनं’ लिहिलं आणि कुणी कुणाला हसलं नाही. तशी एक फळी मिळाली तर मी ‘सनी टॉनी’च्या वर टांगेन. मिळायची नाही. त्या सगळ्या बंबात गेल्या.

नावांचं बोलतोय आणि सदू शिंद्यांचं नाव घेतलं नाही तर बारामतीकराला शोभणार नाही. लेगस्पिनर, 7 कसोट्या, 12 बळी. त्यातले 6 एकाच डावात, 1951 साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध, 91 धावांत. 1955 मध्ये गेले, वय 31. पुढं त्यांच्या मुलीचं लग्न इथून जवळच्या काटेवाडीच्या शरद पवारांशी झालं आणि जावई क्रिकेट नियामक मंडळाचे, मग आयसीसीचेही अध्यक्ष झाले. क्रिकेटमधलं एवढं मोठं नातं या मातीला आहे, पण शिंद्यांच्या नावाची एकही वस्तू माझ्या पाहण्यात नाही. 12 बळींवर बॅट कोण काढणार? गोलंदाजाचं नाव छापायचं तरी कशावर, चेंडूवर? दहा षटकांत घासून जाईल.

म्हणजे नाव वस्तूवर टिकतं ते खेळापेक्षा लाकडाच्या कृपेनं. की दुकानदाराच्या? आधी वाटत होतं, मी त्या खेळाडूंची आठवण जमवतोय. आता शंका येते, मी दोरा गुंडाळणाऱ्या पोराची बॅट जपतोय आणि सांगताना गावसकरांचं नाव सांगतोय, कारण त्याशिवाय पाहुणे थांबून बघत नाहीत. दोन्ही खरं असेल. कदाचित एकही नसेल.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी बॅट निघाली तर एवढं करा: पॉलिशपेपरनं घासू नका, वार्निश लावू नका. जवसाचं तेल बोटानं, तेही सही सोडून. ठेवायची की बंबात घालायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारलंत तर मी ठेवा म्हणेन. कारण मात्र विचारू नका.