बर्फाखालचा श्वास

किपलिंगच्या 1894 सालच्या 'जंगल बुक'मधील रिक्की-टिक्कीच्या कथेत चुचुंद्रा नावाचा एक भित्रा जीव येतो. भिंतीच्या कडेकडेने पळणारा, खोलीच्या मध्यभागी यायचे धाडस कधीच न करणारा. किपलिंग त्याला 'मस्करॅट' म्हणतो. अँग्लो-इंडियनांच्या बोलीत आपल्या चिचुंद्रीला हेच नाव होते. वस्तुतः या दोहोंचा काडीचाही संबंध नाही. चिचुंद्री कीटकभक्षी, तर मस्करॅट हा उत्तर अमेरिकेच्या दलदलींत राहणारा कृंतक प्राणी आहे. वजन किलोच्या आसपास, अंगावर दाट मऊ फर, उभी चपटी शेपटी. एका दमात तो दहा-पंधरा मिनिटे पाण्याखाली राहू शकतो. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

आम्ही या प्राण्यापर्यंत पोहोचलो ते लोकसाहित्याच्या वाटेने. स्टिथ थॉम्प्सनच्या कल्पनाबंध-सूचीत 'ए 812' या क्रमांकाखाली पाण्यात बुडी मारून पृथ्वी वर आणणाऱ्याची कथा नोंदवलेली आहे. आपल्याला ती वराहाची म्हणून परिचित. शतपथ ब्राह्मणातील एमूष नावाचा वराह पृथ्वी वर काढतो तेव्हा ती अवघी वीतभर असते. कॅनडातील अनिशिनाबे लोकांकडे हेच काम मस्करॅट करतो. सर्वत्र महापूर आहे, लून पक्षी, पाणमांजर, बीव्हर असे एकाहून एक कसलेले पोहणारे बुड्या मारून रित्या हाताने परततात. मग हा चिमुकला पुढे होतो. बऱ्याच वेळाने त्याचे निष्प्राण शरीर पाण्यावर तरंगत येते, आणि त्याच्या मिटलेल्या पंजात चिमूटभर चिखल सापडतो. तो कासवाच्या पाठीवर ठेवला जातो आणि त्याची भूमी होते. (कासव तिथेही आहेच!) आपला वराह देवाचा अवतार, त्याला दम लागण्याचा प्रश्न नाही. इथे मात्र सृष्टी एका लहान जीवाच्या फुप्फुसांच्या बळावर उभी आहे.

ही कथा सांगणारेच त्याला पकडत, खात आणि त्याची फर अंगावर घालत. कसे पकडत, हे शोधायला गेलो आणि तिथेच अडकून पडलो.

मस्करॅट हिवाळ्यात झोपून राहत नाही. तळे गोठले की त्याचे सारे जग बर्फाच्या थराखाली येते. पाणकणसाच्या देठांचे एक घर किंवा काठातले बीळ, खाली चिखलात रुळलेल्या जायच्या-यायच्या वाटा, आणि त्या वाटांवर श्वास घेण्यासाठी केलेले थांबे. बर्फ कोवळा असताना तो त्यात भोक पाडतो आणि खालून पाणवनस्पती वर ढकलून त्यावर एक लहानसा घुमट रचतो. आत बसून खाण्यापुरता ओटा. इंग्रजीत याला 'पुश-अप' म्हणतात. पाण्याखालच्या धर्मशाळाच त्या.

सापळे लावणारा माणूस या थांब्यांचाच माग काढतो. हिवाळ्याच्या आरंभी, हिम पडण्यापूर्वी, बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो. मस्करॅट त्याखालून पोहत जातो तेव्हा त्याने सोडलेली हवा बर्फाच्या खालच्या अंगाला अडकते आणि पांढुरक्या बुडबुड्यांची माळ तयार होते. जाणता माणूस ती रेघ वाचतो. जिथे बुडबुडे दाट, तिथे वर्दळीची वाट. तिथे लोखंडी पहारेने भोक पाडायचे आणि काठीला बांधलेला सापळा वाटेत सोडायचा. एक प्रकार तारेच्या जाळीच्या लांबट पिंजऱ्याचा. त्याच्या दोन्ही टोकांची दारे फक्त आत उघडतात, त्यामुळे एकामागून एक कित्येक आत येतात आणि बाहेर कोणीच जात नाही. दुसरा प्रकार दोन चौकोनी तारचौकटींचा. वाटेत दारासारखा उभा राहतो, प्राणी मधून जाऊ लागला की चौकटी फिरून मानेवर वा छातीवर मिटतात. तिसरी रीत घुमटाची. कुऱ्हाडीने एक बाजू अलगद उघडायची, आतल्या ओट्यावर पाय पकडणारा सापळा ठेवायचा, आणि त्याची साखळी बाहेर आडव्या काठीला अडकवायची. पाय अडकलेला जीव सवयीने पाण्यात उडी घेतो आणि तिथेच संपतो. काही प्रांतांत घर फोडण्यास कायद्याने मनाई आहे.

या कृतीतला एक तपशील आमच्या मनातून जात नाही. सापळा ठेवून झाला की उघडलेली बाजू देठांनी आणि हिमाने पुन्हा नीट लिंपावी लागते. फट राहिली तर आतले भोक गोठते, आणि मग तो थांबा कोणालाच उपयोगी पडत नाही. म्हणजे मारणाऱ्यालाही ते घर उबदार राखावे लागते.

यावर आम्हा दोघांत एकमत नाही. एकीच्या मते ही विद्या क्रूरच आहे, आणि तिच्या बारकाव्यांचे कौतुक करणे हा निव्वळ वाङ्मयीन चोखंदळपणा झाला. दुसऱ्याचे लहानपण कोकणातल्या कोळीवाड्यालगत गेले. तो म्हणतो की आपण बाजारातून मासे आणतो तेव्हा माशाच्या श्वासाविषयी काय जाणतो? तिकडचा माणूस निदान जाणून मारतो. वर्गात हे सांगावे की नाही यावरही वाद झाला. शेवटी कथा सांगितली, सापळे वगळले. वगळल्याची रुखरुख उरली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

तारचौकटींचा सापळा फ्रँक कोनिबेअर यांनी घडवला. इंग्लंडात जन्मलेले, कॅनडाच्या उत्तरेत अनेक वर्षे सापळे लावून जगलेले गृहस्थ. पायात अडकून तासन्‌तास तडफडणारी जनावरे पाहून ते अस्वस्थ होत. 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा सापळा कारखान्यात तयार होऊ लागला. त्याआधी, 1949 मध्ये, याच माणसाने एका सहलेखकासोबत 'द वाइज वन' हे पुस्तक लिहिले होते, ज्याचा नायक एक बीव्हर आहे. करुणा आणि व्यवसाय एकाच हातात असू शकतात, एवढेच यावरून म्हणता येते. पुढे युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांच्यात 1997-98 मध्ये करार झाले. त्यांनुसार मस्करॅटसाठीच्या मारक सापळ्याने चाचणीतल्या किमान 80 टक्के प्राण्यांची शुद्ध 300 सेकंदांच्या आत हरपली पाहिजे. 300 सेकंद म्हणजे पाच मिनिटे. वर्गात हजेरी घ्यायला आम्हांला तेवढाच वेळ लागतो.

आज मस्करॅट अनेक ठिकाणी विरळ होत चालला आहे, तो मात्र केवळ सापळ्यांमुळे नव्हे. पीस नदीवरील बेनेट धरणाचा जलाशय 1968 पासून भरू लागला, खालच्या पीस-अथाबास्का त्रिभुज प्रदेशातले वसंतातले पूर मंदावले, तळी आटली, आणि मस्करॅटची संख्या कोसळली. पारध्याला निदान तळे भरलेले हवे असते. धरण बांधणाऱ्याने बुडबुड्यांची रेघ पाहिलेली नसते. या वाक्यावर आम्हा दोघांचे एकमत आहे.

उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, युकॉन प्रांतात ओल्ड क्रो हे गाव आहे. तिथवर रस्ता जात नाही. गावाच्या उत्तरेला दोन हजारांहून अधिक तळ्यांचा सखल प्रदेश पसरला आहे. तिथले ग्विचिन लोक पूर्वी हिवाळा सरता सरता, बर्फ वितळण्याआधी, कुत्र्यांच्या गाड्यांवर संसार लादून सहकुटुंब त्या तळ्यांवर मुक्कामाला जात. घुमटांवर सापळे लावत, आणि पाणी मोकळे झाले की होडीतून बंदुकीने शिकार करत. या गावच्या ईडिथ जोसी 1962 पासून 'व्हाइटहॉर्स स्टार' या वृत्तपत्रात गावची बातमीपत्रे लिहीत. सदराचे नाव होते 'हिअर आर द न्यूज'. व्याकरण इंग्रजीचे नव्हे, त्यांचे स्वतःचे. संपादकाने ते दुरुस्त केले नाही, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. 1995 मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान मिळाला, 2010 मध्ये त्या वारल्या. कोण तळ्यांवर गेले, कोण परतले, कोणाला किती मस्करॅट मिळाले, विमान आले की नाही, कोण आजारी, कोणाला मूल झाले, हे सारे त्या एकाच सुरात, एकापुढे एक लिहून टाकतात.