लाइन आल्यावर तू काय करशील?

प्रिय ॲनालॉग आउटपुट मॉड्यूल,



यवतमाळ जिल्ह्यात तुला नावाने ओळखणारे थोडे आणि तुझ्या हुकमावर चालणारं काम मात्र मोठं. इथली कापसाची जिनिंग, वणीकडचा कोळसा, मुकुटबनचं सिमेंट, लोहाऱ्याच्या एमआयडीसीतलं डेनिम हे सगळे मोटारींवर चालणारे उद्योग. मोटारीचा वेग कमी-जास्त करायचा म्हटलं की ड्राइव्ह आला, आणि ड्राइव्हला ‘एवढ्याच वेगाने फिरव’ असं कॉम्प्युटरकडून सांगायचं म्हटलं की बऱ्याचदा तू किंवा तुझ्या कुळातलं कुणीतरी आलं. आमच्या मुलांची आणि तुझी गाठ मात्र पुस्तकातच पडते. आर-टू-आर लॅडरची आकृती काढायची, सूत्र लिहायचं, मार्क घ्यायचे. म्हणून हे पत्र तुला लिहितोय आणि तुझ्या निमित्ताने त्यांनाही.

तुझं काम सांगायला सोपं आहे. कॉम्प्युटर आकडा देतो, तू त्याचं व्होल्टेज करतोस. 12 बिटचा असलास तर 0 ते 4095 असे आकडे घेतोस, म्हणजे पायऱ्या 4096. दहा व्होल्ट एवढ्या पायऱ्यांत वाटले की एक पायरी साधारण 2.44 मिलिव्होल्टची पडते. ड्राइव्हला 0 ते 10 व्होल्ट म्हणजे 0 ते 50 हर्ट्झ असं शिकवून ठेवलेलं असतं. तू 5 व्होल्ट दिलेस की तो मोटारीला 25 हर्ट्झ देतो आणि तिचा वेग निम्म्यावर येतो. ताकद ड्राइव्हची, तुझा फक्त हुकूम. हे ज्याला कळलं नाही तो तुझ्या आउटपुटला थेट छोटी मोटार जोडतो आणि व्होल्टेज का पडलं म्हणून कपाळाला हात लावतो.

आमच्याकडे तू बहुधा एमसीपी 4725 या चिपच्या रूपात येतोस. बोर्ड नखाएवढा, किंमत काहीशे रुपये. जोडायच्या तारा चार: सप्लाय, ग्राउंड, डेटा आणि क्लॉक. पत्ता हेक्समधला 60 किंवा 62 असतो, पण गृहीत न धरता आधी स्कॅन करून बघावा. इथपर्यंत मुलं पटकन येतात. पुढची गोष्ट मीटर लावल्याशिवाय कळत नाही: या चिपला वेगळा रेफरन्स नाही, तिचा सप्लाय हाच तिचा रेफरन्स. लॅपटॉपच्या यूएसबीवर 5 ऐवजी 4.8 व्होल्ट येत असतील, तर 2048 हा आकडा पाठवल्यावर 2.5 ऐवजी 2.4 व्होल्टच मिळतात. पुढे एलएम 358 लावून, त्याला 12 व्होल्टचा सप्लाय आणि दोन सारखे रेझिस्टर देऊन आपण ते दुप्पट केले, की ड्राइव्हला 4.8 व्होल्ट जातात. स्क्रीनवर 25 हर्ट्झ दिसतात, मोटार 24 वर फिरते. प्रोग्राममध्ये चूक शोधत दिवस जातो, आणि चूक तिथे नसतेच.

म्हणून तुला कामाला लावायच्या आधी कागद-पेन्सिल घ्यावी. 0, 1024, 2048, 3072, 4095 हे पाच आकडे पाठवावेत, प्रत्येक वेळी मल्टिमीटरवर काय दिसतं ते लिहावं आणि त्यातून सरळ रेषेचा उतार व शून्याचा फरक काढून प्रोग्राममध्ये भरावा. ड्राइव्हकडे जाणारी तार शील्डची असावी, शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला करावं, आणि ती तार मोटारीच्या केबलबरोबर एकाच पट्टीत बांधू नये. एवढं केलं तर तू वर्षानुवर्षं चोख काम देतोस.

पण अचूकपणा हा तुझ्याबद्दलचा दुसरा प्रश्न झाला. आमच्या जिल्ह्यात पहिला प्रश्न वेगळा आहे: लाइन गेली आणि परत आली, तर त्या क्षणी तू काय देशील?

तुझ्या पोटात छोटी कायमची मेमरी असते. वीज आल्याबरोबर, कॉम्प्युटर जागा व्हायच्या आधीच, तू तिच्यातला आकडा बाहेर काढतोस. आणि नव्या कोऱ्या चिपमध्ये कारखान्यातूनच मधला आकडा, 2048, भरून आलेला असतो. म्हणजे कुणी काही न सांगता तू निम्मं व्होल्टेज देतोस. ड्राइव्हचा रन स्विच टाकलेलाच राहिला असेल आणि वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू असेल, तर मोटार निम्म्या वेगाने फिरायला लागते. आता जिनिंगमधला फीडर डोळ्यांपुढे आण. हंगाम जोरात आहे, लाइन गेली आहे, अडकलेला कापूस माणूस हाताने मोकळा करतोय. तुझा 2048 हा आकडा त्याच्या बोटांवर बेतू शकतो.

उपाय अवघड नाही. तुला ड्राइव्हला जोडण्याआधी मेमरीत 0 लिहायचा, सप्लाय काढायचा, परत द्यायचा आणि मीटरवर शून्य आल्याची खात्री करायची. हे एकदाच करायचं असतं. काही मुलं प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत मेमरीत लिहीत बसतात, तेही चुकीचं. ती मेमरी सुमारे 10 लाख वेळा लिहिण्याच्या बेताने बनवलेली असते. सेकंदाला 20 वेळा लिहिलं, तर 14 तासांत तो हिशेब संपतो.

दुसरा धोका उलट बाजूचा. कॉम्प्युटर हँग झाला, तर तू शेवटचा आकडा धरून बसतोस. दोष तुझा नाही, गप्प राहिलेल्या मालकाचा अर्थ लावायला तुला शिकवलेलंच नाही. ते आम्ही करायचं: मध्ये मायक्रोकंट्रोलर ठेवायचा, आणि कॉम्प्युटरकडून सेकंदभर निरोप आला नाही तर त्याने तुला 0 द्यायचा. आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण थेट वायरिंगमध्येच बसवायचं, ते सॉफ्टवेअरच्या भरवशावर कधीच सोडायचं नाही.

तुझी एक मर्यादाही मुलांनी समजून घ्यायला हवी. 0 ते 10 व्होल्टमध्ये ‘थांब’ म्हणजे शून्य, आणि उंदराने तार कुरतडली तरीही शून्यच. पलीकडच्याला फरक कळत नाही. लांबच्या अंतरासाठी कारखाने 4 ते 20 मिलिॲम्पिअरचा सिग्नल वापरतात तो यामुळेही. तिथे सगळ्यात कमी हुकूमसुद्धा 4 असतो, म्हणून शून्य दिसलं की तार तुटली हे लगेच कळतं. त्याच्याआधी हेच काम हवेच्या दाबाने चालायचं, 3 ते 15 पीएसआय, आणि तिथेही सुरुवात शून्यापासून नव्हती. जुन्या लोकांनी बिघाड कळण्यासाठी जागा राखून ठेवली होती.

आता माझं म्हणणं. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून आहे, यवतमाळला दर्डा इन्स्टिट्यूट 1996 पासून, शिवाय शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत. इथून निघालेली मुलं इथल्याच जिनिंगचं पॅनेल उघडून ‘बिघाड इथे आहे’ असं ठामपणे सांगू शकली पाहिजेत. हंगामात मशीन बंद पडलं आणि नागपूरहून माणूस येईपर्यंत थांबावं लागलं, तर दारात कापसाच्या गाड्या उभ्या राहतात आणि शेतकऱ्याचा दिवस जातो. त्यासाठी मुलांच्या हातात तू हवास, तुझी आकृती पुरेशी नाही. काहीशे रुपयांचं साधन कपाटात जपून ठेवण्यात अर्थ नाही. ते बिघडलं तर बिघडू दे, पण शिकवून बिघडू दे.

माझ्या प्रयोगशाळेत यापुढे तुझ्या प्रॅक्टिकलची सुरुवात साइन वेव्हने होणार नाही. मुलं आधी मीटर लावतील, चालू असताना तुझा सप्लाय काढतील, परत देतील आणि काय दिसलं ते वहीत लिहितील. ज्याच्या मीटरवर शून्य आलं, त्यालाच तुझी तार ड्राइव्हपर्यंत न्यायची परवानगी मिळेल. जिल्ह्यातल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनाही माझी हीच विनंती आहे.

तुझा,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक,
यवतमाळ