कापडाचे पुन्हा सूत होताना

डोंबिवली पूर्वेच्या मानपाड्याच्या परिसरात कापडाचे जवळजवळ सगळे आयुष्य थोड्या कोसांत सामावलेले आहे. ते भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाते, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगते, आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली नगर म्हणून नावारूपाला आलेल्या उल्हासनगरात त्याच्या जीन्स शिवल्या जातात. कात्रीखाली उरणारी कतरण आणि घराघरांतून निघणारे विटके कपडे यांना मात्र या पसाऱ्यात आता ठरलेली जागा नाही. एकेकाळी बोहारीण दारात बसून जुन्या साड्यांवर भांडे देत असे, आणि तिला न दिलेल्या लुगड्यांची गोधडी होई, म्हणजे विरलेल्या कापडाचे थर धावदोऱ्याने, वरखाली सरळ जाणाऱ्या साध्या टाक्याने, एकत्र बांधले जात. गोधडीत कापड कापडच राहते. जुन्या कपड्याचे सूत करून विणण्याच्या कलेत ते एक पायरी मागे, सुताकडे परतते.

हे परतणे दोन वाटांनी होते. चिंध्या यंत्राने पिंजून त्यांचे पुन्हा सूत कातण्याची रीत इंग्लंडमधील बॅटली येथे १८१३ साली बेंजामिन लॉ याने रूढ केली आणि आज पानिपत तिचे मोठे केंद्र आहे. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे सुताला बळकटी हवी असेल तर नव्या तंतूंची जोड द्यावी लागते. दुसरी वाट घरातल्या कात्रीची आहे, आणि तीच अधिक लोभस, कारण तिच्यात तंतूला धक्का लागत नाही.

टी-शर्टचा काखेखालचा भाग आडवा कापून घेतला की कापडाची नळी हाती येते. तिची घडी अशी घालतात, की एक कड दुसरीच्या दोन बोटे आत राहील. मग आडव्या पट्ट्या कापताना कात्री बाहेरच्या कडेपर्यंत नेत नाहीत, आणि शेवटी तो न कापलेला भाग उलगडून एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत तिरपे छेद देतात, म्हणजे तुकडे न पडता एकच अखंड पट्टी निघते. ती ताणताच तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि सपाट चिंधीचा गोल दोर होतो, कारण टी-शर्टचे कापड मागावर ताणाबाणा घालून विणलेले नसून फासात फास गुंतवून विणलेले असते. छातीवरची रबरी छपाई तेवढी वळत नाही; तिथे पट्टी ताठ राहते.

डेनिमला हा गुण नाही. त्याच्या कडा उसवतात, आणि उसवताना निळ्या ताण्याआडचा पांढरा बाणा डोकावतो. म्हणूनच जीन्सच्या पट्ट्या क्रोशापेक्षा सतरंजीच्या मागाला अधिक मानवतात. टी-शर्टचे सूत मात्र जाड सुईवर मुक्या खांबाने, क्रोशातल्या त्या बुटक्या, घट्ट टाक्याने, विणले की पायपुसणे किंवा टोपली चांगली उभी राहते.

घेर शंभर सेंटिमीटर, उंची चाळीस आणि पट्टी अडीच सेंटिमीटरची धरली तर एका टी-शर्टातून सुमारे सोळा मीटर सूत निघते, आणि ताणल्यावर ते त्याहूनही लांबते. लादी पुसायचे फडके करण्याआधी एखादा जुना टी-शर्ट काखेखालून आडवा कापून पाहावा.