साकोलीचा थांबा आणि चार पायांचा पाहुणा

नागपूरहून रायपूरकडे निघालेली माणसे साकोलीला थांबतात ती बहुधा पोटासाठी. राष्ट्रीय महामार्ग 53, जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजूनही 'सहा नंबर', भंडारा आणि लाखनी ओलांडून इथे येतो तेव्हा नागपूर शंभरेक किलोमीटर मागे पडलेले असते. आता गावावरून उड्डाणपूल गेला आहे. घाईतले लोक वरून निघून जातात, भुकेले खाली उतरतात. आजूबाजूला धानाच्या बांध्या, तलाव, जवळून वाहणारी चुलबंद नदी. उत्तरेला नागझिऱ्याचे जंगल. ते आणि नवेगाव मिळून 2013 च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून शनिवार-रविवारी नागपूरच्या गाड्या वाढल्या. आणि हल्ली त्या गाड्यांच्या खिडकीतून कुत्र्याचे तोंडही बाहेर डोकावते.

आम्ही या भागात शिक्षकी करतो. रस्त्याकडेला एका ओळखीच्या भाईंचे छोटे हॉटेल आहे, तिथे आमचे येणे-जाणे असते. सहा टेबले, बिर्याणी, दाल, तंदुरी रोटी. मागच्या बाजूला पडदा लावून चटई टाकलेली, नळ आणि दोन लोटे ठेवलेले. प्रवासातल्या बायामाणसांची जोहरची नमाज तिथे होते. याच सोयीमुळे कामठी-नागपूरची कितीतरी कुटुंबे मुद्दाम तिथे गाडी थांबवतात.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही अम्मींना घेऊन तिथे गेलो होतो. अम्मी वजू करून नमाजच्या जागेकडे निघाल्या, इतक्यात दारातून एक कुटुंब आत आले. नवरा-बायको, दोन मुले आणि पट्ट्याला धरलेला भलामोठा पिवळसर लॅब्रॅडोर. कुत्रा अगदी गरीब. शेपूट हलवत सरळ अम्मींकडे गेला आणि त्यांच्या ओढणीचे टोक चाटून मोकळा झाला. अम्मी जागीच थिजल्या. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा रडू लागला, दुसरा त्याला हात लावायला धावला. पोऱ्याच्या हातातली ताटे तशीच राहिली. आणि गल्ल्यावरचे भाई आमच्याकडे पाहू लागले.

ते गप्प का होते, हे त्यांनी नंतर हळू आवाजात सांगितले. "सर, बोललो तर उद्या मोबाईलवर फिरेल की मुसलमानाने आम्हाला हॉटेलातून हाकलले. नाही बोललो तर तुमच्यासारखी घरची माणसे उठून जातील. मी करू तरी काय?"

शेवटी आम्हीच उठून त्या गृहस्थांशी बोललो. माणूस वाईट नव्हता. ते नागझिऱ्याला गेले होते. पिटेझरीच्या फाटकावर कुत्र्याला आत घेत नाहीत म्हणून बायको-मुले सफारीला गेली आणि हे सकाळभर कुत्र्याला घेऊन बाहेर बसून राहिले. "गाडीत ठेवला की आत तापतं हो सर, जीव जाईल त्याचा," ते म्हणाले. ते खरेच आहे. काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी थोड्या वेळात भट्टी होते, हिवाळ्यातसुद्धा. भाईंनी लगेच बाहेर कडुनिंबाखाली दोन टेबले लावून दिली, पाण्याचे भांडे ठेवले, आणि मंडळी आनंदाने तिथे जेवली. निघताना त्या गृहस्थांनी विचारले, "तुमच्यात कुत्रा चालतच नाही ना?"

उभ्या उभ्या आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. घरी परतताना अम्मींनीच टोकले, "मुलांना शिकवतोस, आणि एवढं सांगता येईना?" टोला बरोबर बसला. तेव्हा ते उत्तर इथे.

कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवावे, त्यात एकदा मातीने, ही हदीस ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे आणि सर्वांना माहीत आहे. त्यावरून फिकहच्या इमामांनी जे काढले, त्यात मात्र फरक आहे. आपल्या विदर्भात बहुतेक घरे हनफी. हनफी मतानुसार लाळ नापाक. पण कोरड्या अंगाचा कुत्रा कपड्याला घासून गेला तर कपडा नापाक होत नाही. भांडे तीनदा धुणे जरुरी, सातदा धुतले तर अधिक चांगले. कोकणातले आपले भाऊ शाफई. त्यांच्याकडे कुत्र्याचे अंगच नापाक धरले जाते, ओल्या स्पर्शालाही सात धुण्यांचा नियम लागतो. आणि इमाम मालिक यांच्या मतानुसार जिवंत कुत्रा पाक आहे, भांडे धुणे हा हुकूम म्हणून पाळायचा. चाटल्याने वजू मात्र तुटत नाही. अम्मींनी ओढणीचे टोक नळाखाली तीनदा धुतले, पिळले आणि नमाजला उभ्या राहिल्या. प्रकरण पाच मिनिटांचे होते. आम्हीच त्याचा बाऊ केला.

घरात हौसेखातर कुत्रा पाळणे आपल्याकडे नापसंत, हेही खरे. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत अशी हदीस आहे. पण गुरे राखणारा, शेत राखणारा आणि शिकारी कुत्रा यांना सूट आहे. साकोलीच्या आसपास हे आम्ही रोज पाहतो. गोवाऱ्यांच्या गुरांमागे कुत्रे असते, धानाच्या बांध्यांवर रात्री रानडुकरे येतात तेव्हा जागे असते तेही कुत्रेच. आमच्या वर्गातल्या काही मुलांचे कुत्रे शाळेच्या फाटकापर्यंत सोबत येतात. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांनी पकडलेली शिकार हलाल म्हटली आहे. आणि सूरह कहफ तर आपण दर जुम्याला वाचतो. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांचा कुत्रा पुढचे पाय पसरून कुठे बसला होता? उंबरठ्यावर. आत नाही आणि हाकललेलाही नाही. पुढे त्या लोकांची संख्या सांगितली जाते तेव्हा त्यालाही मोजले जाते.

एक कबुली द्यायला हवी. 'नापाक' हा शब्द आपल्या मोहल्ल्यांतली पोरे दगड मारण्याचा परवाना समजतात. लहानपणी आम्हीही मारलेत. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून आणून पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस तेव्हाही आम्हाला पाठ होती.

आता कायद्याचे. यात हिंदू-मुसलमान असे काही नाही. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या परवाना नियमांतल्या चौथ्या अनुसूचीत प्राणी-पक्ष्यांना खाद्यपदार्थांच्या जागेत येऊ देऊ नये असेच म्हटले आहे. मोठ्या शहरांत काही हॉटेलवाले कुत्र्यांचे मुद्दाम स्वागत करतात. मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाउसची 2018 मध्ये डागडुजी झाली तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली केली गेली. ज्याची जागा, त्याची मर्जी. पण तिथेही त्यांना जागा नेमून दिली, हे आमच्या लक्षात राहिले. इंग्लंडमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला हॉटेलवाला वा टॅक्सीवाला नाकारू शकत नाही. तिथल्या लेस्टर शहरात 2008 मध्ये एका अंध मुस्लिम मुलाच्या अशाच कुत्र्याला उलेमांच्या सल्ल्याने मशिदीच्या आवारात घेतले गेले. नमाजच्या दालनाबाहेर त्याची बसायची जागा ठरवली. गरज आणि हौस यांत फरक करता येतो, तो असा.

नागझिऱ्याच्या फाटकावरचा नियमही उगाच नाही. त्या जंगलात रानकुत्र्यांचे कळप आहेत. पाळीव कुत्र्याकडून डिस्टेंपर किंवा रेबीज त्यांच्यात शिरला तर कळपच्या कळप जाऊ शकतो. म्हणजे तिथे आपल्या कुत्र्यापासून दुसऱ्या कुत्र्याला जपायचे असते! हे त्या गृहस्थांना सांगायचे राहून गेले.

पुढच्या आठवड्यात भाईंनी आम्हाला पाटी लिहायला बोलावले. त्यांनी स्वतः कोळशाने लिहून ठेवले होते: 'कुत्रे आणू नये.' आम्ही ते पुसले. वाद झाला. भाईंचे म्हणणे, पाटी लांब झाली की कोणी वाचत नाही. आमचे म्हणणे, नुसत्या नकाराचाच फोटो निघतो. अखेर मराठीत, हिंदीत आणि खाली उर्दूत असे लिहिले: 'आत जेवण आणि नमाजची जागा आहे. तुमच्या जनावरासाठी झाडाखाली सावली आणि पाणी आहे. तुमचे जेवण तिथेच आणून देऊ.'

कडुनिंबाखाली भाईंनी सिमेंटचे छोटे टाके बसवले. या उन्हाळ्यात नागपूरचे तीन-चार कुत्रे तिथे पाणी पिऊन गेले म्हणे. बाकी दिवसभर त्यावर मोहल्ल्यातल्या बकऱ्यांचाच कब्जा असतो, आणि भाई त्यांना हाकलत बसतात.