उन्हाला पाठ दिलेला

उन्हाळ्याच्या रात्री माळावरच्या घराच्या ओसरीत दिवा लागला, की पाखरे जमतात आणि पाखरांमागून कधीतरी तोही येतो. पिवळसर, केसाळ आणि नजर ठरणार नाही इतका चपळ. कोणी किंचाळते, कोणी चप्पल उचलते. केरसुणीने त्याला अंगणात लोटले जाते. मेला तो कोण होता, हे कोणी विचारीत नाही.

उंटकोळी हे त्याचे नाव. त्यातले दोन्ही शब्द त्याच्यावर लादलेले. उंटाचे पोट तो कुरतडतो, ही वाळवंटातली दंतकथा; आणि कोळी तर तो नव्हेच. कोळ्याची कंबर बारीक, उदर बहुधा अखंड; याला तशी कंबर नाही आणि उदरावर वलये. कोळ्याजवळ रेशीम असते. याच्याजवळ एक धागाही नाही. याची सारी मदार तोंडापुढच्या दोन दणकट चिमट्यांवर. दहा पाय दिसतात, पण पुढचे दोन चालण्याचे नव्हेत. चाचपण्याचे आणि भक्ष्य चिकटवून धरण्याचे. पाठच्या पायांखाली रॅकेटच्या आकाराची इवली इंद्रिये असतात. त्यांनी तो जमिनीचा गंध घेतो.

शास्त्राने दिलेले नाव अधिक न्यायाचे आहे: सॉलिफ्यूगी, सूर्यापासून पळणारे. बहुतेक जाती रात्री हिंडतात. दिवसा उघड्यावर सापडलेला जीव सावली शोधतो, आणि पळणाऱ्या माणसाची सावली हीच जवळची असते. माणसाला वाटते, हा पाठलाग करतो आहे. १९९१ आणि २००३ च्या आखाती युद्धांत सैनिकांनी सांगितलेल्या भयकथा अशाच वाढत गेल्या.

विंचू, कोळी, गोचीड यांच्या अष्टपाद वर्गात याचा गण स्वतंत्र आहे. जाती अकराशेहून अधिक. १९०० साली पोकॉक यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील अष्टपादांवरच्या ग्रंथात गॅलिओडीस इंडिकस या जातीचे वर्णन केले. जातीला नाव मिळाले, पण गणाचे सख्खे कोण, हे अजून ठरलेले नाही. चिमुकल्या छद्मविंचवांशी त्याचे नाते पुष्कळांनी जोडले. जनुकांचा पुरावा त्याला एकमुखाने दुजोरा देत नाही. २०१९ मध्ये तर एका अभ्यासाने समुद्रातल्या नालखेकड्यालाच अष्टपादांच्या घरात आणून बसविले. ज्या घरात याची खोली शोधायची, त्या घराच्या भिंतीच अजून हलत आहेत.

बिळात अंडी घालून काही जातींची मादी त्यांच्यापाशी थांबते. ओसरीवर मेलेल्या जिवाने त्या रात्री पाखरे खाल्ली असतील, भिंतीतली वाळवीही कदाचित. विषबाधेची भीती नव्हती. फार तर चावा झोंबला असता. चप्पल उचलणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते फक्त नाव, आणि तेही दुसऱ्याचे. सकाळी अंगणात मुंग्यांची रांग लागलेली असते. एक सुकलेला पाय ओढत त्या भिंतीच्या सावलीकडे निघालेल्या असतात.