अकरा पूर्ण

एसटीत पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. नियम एका ओळीचा, पण माझं अख्खं बारावं वर्ष त्यात अडकलं.

घरात तेव्हा मी ‘घोडी’ झाले होते. घोडी झालीस, फ्रॉक पुरे आता. घोडी झालीस, मुलांत विटीदांडू कसला खेळतेस! पण कराडहून चिपळूणच्या गाडीत बसलं की आई कंडक्टरला ठासून सांगायची, “एक फुल, एक हाफ. अकरा पूर्ण.” तो मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा आणि मी सीटवर खाली घसरायचे. आई खरं तेच बोलायची, तरी चोरी पकडली गेल्यासारखे माझे कान तापायचे.

चिमट्याने तिकिटाला भोक पडायचं, टक्. ते भोक पूर्ण तिकिटाला पडावं असं फार वाटायचं. “हाफला सीट कसली, मांडीवर घ्या,” असं गर्दीत कुणी म्हटलं की तर फारच. मग पाटण मागे पडायचं, कुंभार्ली घाटाची वळणं सुरू व्हायची, पोटात ढवळायला लागायचं आणि मी मुकाट आईच्या मांडीवर डोकं टाकायचे. मोठं व्हायचं होतंच, पण घाट संपल्यावर.

त्या पावसाळ्यात पाळी आली. दिवाळीला आजोळी निघालो तेव्हा मी घरच्या हिशेबाने वेगळ्या ताटात जेवणारी बाई होते आणि एसटीच्या हिशेबाने पोर. मामेभाऊ माझ्याहून मोठा, पण तो ‘लहान आहे अजून’. हे कोण ठरवतं, असं मी विचारलं नाही. विचारण्याइतकी मोठी मला कुणी धरलं नसतं.

पुढच्या मे महिन्यात आईने काही न बोलता दोन फुल मागितले. मी तिच्या पाकिटाकडे बघत राहिले. एवढी वाट पाहिलेलं तिकीट, आणि पैसे मात्र तिचे गेले.

मग कॉलेजचा पास, नोकरी, पूर्ण तिकिटांची पुष्कळ वर्षं. 17 मार्च 2023 पासून एसटीने सगळ्याच बायकांना निम्मं भाडं केलं. त्यानंतर एकदा भाचीला घेऊन चिपळूणला निघाले. तीही अकरा पूर्ण. कंडक्टरने मशीनमधून दोन तिकिटं काढून दिली आणि तो पुढे गेला.

“मला वय का नाही विचारलं?” ती फुरंगटली.

“कशाला? तुला हाफ, मलाही हाफ.”

“म्हणजे मोठं होऊन काहीच फरक नाही?”

“पंचाहत्तरीनंतर फुकट असतं.”

“अजून चौसष्ट वर्षं,” तिने हिशेब केला आणि मला उठवून खिडकीची जागा घेतली.