आजोबांची पोल्स्का

मँडोलिन हे वाद्य तुम्हांला नावाने माहीत नसेल कदाचित, पण कानाने नक्की माहीत आहे. जुन्या हिंदी गाण्यांत मध्येच थरथरत येणारा, तारांचा तो किणकिणता आवाज आठवा. संगीतकार सज्जाद हुसेन हे वाद्य फार सुंदर वाजवायचे. ‘लक्ष्मीकांत-प्यारेलाल’ या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकरही संगीतकार होण्याआधी मँडोलिनच वाजवत. मला मात्र ते भेटलं ते नाशिकपासून हजारो मैलांवर, स्वीडनमधल्या बोर्लेंगे नावाच्या गावात, एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर.

१९९६ साली बाबांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे गेलो, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. भाषा येत नव्हती. वर्गातली मुलं वाईट नव्हती हो, पण ती आपापसांत भराभर बोलायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायची. डिसेंबरात तर दुपारी तीन वाजायच्या आत सूर्य मावळायचा. शाळेतून घरी येईपर्यंत मिट्ट काळोख! घरी आई, मी आणि कुकरची शिट्टी.

अशाच एका संध्याकाळी जिन्यात व्हायोलिन ऐकू आलं. मी दाराला कान लावून उभी राहिले, आणि दार एकदम उघडलं. समोर उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे एक आजोबा. ते काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. मग त्यांनी फक्त हाताने ‘आत ये’ अशी खूण केली.

आता एक गंमत सांगते. स्वीडनमध्ये सगळे एकमेकांना अरेतुरे करतात. शिक्षकांना, डॉक्टरांना, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यालासुद्धा नुसतं नावाने हाक मारायची! माझी जीभ काही केल्या वळेना. स्वीडिश भाषेत आईच्या वडिलांना एक शब्द आणि बाबांच्या वडिलांना दुसरा. मी म्हटलं, आमच्याकडे दोघांनाही एकच, ‘आजोबा’. त्यांना तो शब्द इतका आवडला, की पुढे ते फोनवरसुद्धा ‘मी आयोबा बोलतोय’ म्हणायचे. (त्यांच्या भाषेत ‘ज’ नाही, ‘य’च होतो त्याचा.)

व्हायोलिन त्यांचं. भिंतीवरची मँडोलिन त्यांच्या दिवंगत पत्नीची होती. गोथेनबर्गच्या लेविन कंपनीची. त्या चर्चमध्ये गिटार-मँडोलिन वाजवणाऱ्या बायकांच्या ताफ्यात होत्या. आजोबांनी धूळ पुसून ती माझ्या हातात दिली. चार जोड्या, म्हणजे आठ तारा. आणि तारा अगदी व्हायोलिनसारख्याच लावलेल्या, जी, डी, ए, ई. म्हणजे व्हायोलिनवर बोट जिथे पडतं, तिथेच ते मँडोलिनवरही पडतं. फक्त इथे पडदे असतात, सतारीसारखे, त्यामुळे नवशिक्याचा सूर फार चुकत नाही. मँडोलिनची मोठी भावंडंही आहेत बरं का. थोडी खालच्या आवाजाची मँडोला, आणि त्याहून मोठी, पूर्ण एक सप्तक खालची ऑक्टेव्ह मँडोलिन.

आजोबा मला ‘पोल्स्का’ शिकवू लागले. पोल्स्का म्हणजे स्वीडनमधला जुना नाच आणि त्या नाचाची धून. तीन मात्रांचा ताल. मी मनात म्हटलं, एवढंच ना? एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आईकडून मी पेटी शिकले होते, तेव्हा ऐकलेलं वहीत सा-रे-ग-म करून लिहून घ्यायची सवय होती. आजोबांना वही मुळीच चालायची नाही. ते दोन सूर वाजवायचे, मी दोन वाजवायचे. मग चार. मग अख्खी ओळ. चुकले की ते काही बोलत नसत, नुसतं पुन्हा वाजवत. चिडत नसत, हेच जास्त त्रासाचं! एक धून बोटांत बसायला तीन आठवडे लागले.

पण बसली तरी ती त्यांच्यासारखी वाजेना. सूर तेच, ओळ तीच, तरी माझी धून कवायतीसारखी आणि त्यांची झोक्यासारखी. त्यात व्हायोलिनचा गज एक सूर लांबवू शकतो, एका मात्रेतून दुसरीत वाहू देतो. मँडोलिनचा सूर छेडला की लगेच विझू लागतो. मग मी जोरजोरात पिक मारायची आणि शेजारची मोकळी तार सोबत वाजू द्यायची. तानपुऱ्यासारखा भरणा होतो त्याने.

आणखी एक भानगड होती. आजोबांचे काही सूर कोमलही नसत आणि शुद्धही नसत, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. आमच्या मँडोलिनवर त्या जागी पडदाच नाही! (आले मोलर नावाच्या स्वीडिश वादकाने अशा सुरांसाठी आपल्या मँडोलावर जास्तीचे पडदे बसवून घेतले आहेत, हे मला खूप नंतर कळलं.)

मार्च महिन्यात शाळेच्या सहलीबरोबर वाचनालयात गेले, आणि तिथे मला खजिना सापडला. ‘स्वेन्स्का लोतार’, म्हणजे ‘स्वीडिश धुना’. चोवीस खंड! निल्स आंदेर्सन नावाच्या गृहस्थांनी गावोगावी फिरून, म्हाताऱ्या वादकांपुढे बसून या धुना लिहून घेतल्या. १९२१ साली ते वारले. पुढचं काम ओलोफ आंदेर्सन यांनी पुरं केलं. १९२२ ते १९४० या काळात ते खंड छापले गेले, आणि त्यांत जवळजवळ ८००० धुना आहेत. मी डालार्ना प्रांताचे खंड चाळले आणि आनंदाने उडीच मारली. आमची धून! सगळी नाही, पण पहिली ओळ अगदी तीच. कागदावर तिन्ही मात्रा सारख्या, एकसारख्या अंतरावर. शेवटी दोन सूर मात्र वेगळे.

मी झेरॉक्स काढली आणि धावत आजोबांकडे गेले. मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये म्हणाले, “हे बघा. तुम्ही चुकीचं वाजवता. पहिली मात्रा तुम्ही घाईने सोडून देता. आणि शेवटही चुकतो.”

आजोबांनी कागद घेतला, चष्मा लावून पाहिला, नीट घडी करून मला परत दिला. व्हायोलिन पेटीत ठेवलं. म्हणाले, “आज पुरे.”

पुढचा आठवडा त्यांच्या घरातून आवाज आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. तुमच्या कधी लक्षात आलंय का, आपण काहीतरी वाईट बोललो हे कळायला त्या भाषेचं व्याकरण पुरेसं यावं लागत नाही? मी आईला सांगितलं. आई रागावली नाही, शंकरपाळे तळले आणि डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, “जा. एकटी जा.”

दार उघडलं. “चुकलं माझं” हे वाक्य मी जिन्यात दहादा घोकलं होतं, ते दारात विसरले. डबा पुढे केला. आजोबांनी एक शंकरपाळा खाल्ला, दुसरा खाल्ला, मग स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीकडे सरकवलं. मला वाटलं, काय करताहेत हे? त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि तोंडाने ती धून गुणगुणत मला गोल फिरवायला लागले. पोल्स्का! गुडघ्यात थोडं वाकायचं, मग वर यायचं, आणि फिरत राहायचं. दोन-तीनदा मी त्यांच्या पायावर पाय दिला. आणि मग कळलं. पहिल्या मात्रेवर थांबायला वेळच नसतो! पाय टेकतो न टेकतो तोच अंग दुसऱ्या मात्रेवर रेलतं, तिथे ते फिरतं, आणि तिसऱ्यावर खाली येतं. पहिली आखूड, दुसरी लांब. घाई नव्हतीच ती.

धापा टाकत ते बसले. त्यांचं मूळ गाव पश्चिमेला, नॉर्वेच्या सरहद्दीकडे. तिथे त्यांच्या मामाने त्यांना ही धून शिकवली, लाकडाच्या वखारीत, त्या दोन सुरांसकट. “पुस्तकातली धून दुसऱ्या कोणा म्हाताऱ्याची आहे,” ते म्हणाले. “त्याचंही बरोबर आहे. पण मी त्याच्याकडे शिकलो नाही.”

पुढच्या हिवाळ्यात आजोबांचा डावा हात आखडला. बोटं तारेवर पडेनात. ते वृद्धाश्रमात राहायला गेले, तेव्हा मँडोलिन माझ्याकडेच ठेवून गेले. दर शनिवारी मी बसने तिकडे जायची. ते गुणगुणायचे, उजव्या पायाने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठोका द्यायचे, आणि मी वाजवायची. अशा अकरा धुना झाल्या. मी चोरून कॅसेटवर त्यांचा आवाज टेप केला. त्यांना ते ठाऊक होतं, कारण कॅसेट संपत आली की ते थांबायचे!

जुलै १९९८ मध्ये बाबांनी मला बिंग्शो नावाच्या खेड्यात नेलं. तिथे १९६९पासून उन्हाळ्यात वादकांचा मेळा भरतो. व्यासपीठापेक्षा जास्त संगीत झाडाझुडपांत चालू असतं. कोणीही व्हायोलिन काढतो, दोघंचौघं भोवती जमतात, धून जुळली की वाजवायला लागतात. रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड, आणि डास तर विचारू नका. मी तासभर पेटी न उघडता नुसती हिंडले. मग एका बर्चच्या झाडाखाली, जिथे कोणी नव्हतं, तिथे आजोबांची धून काढली. माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. पांढऱ्या दाढीचे, बगलेत व्हायोलिन असलेले एक गृहस्थ. मी थांबले, तर त्यांनी ‘पुढे, पुढे’ अशी खूण केली, आणि दुसऱ्या फेरीला हळूच बरोबर वाजवायला लागले.

तिकडे धुनेला बहुधा संगीतकाराचं नाव नसतं. ती ज्याच्याकडून आली, त्याचं नाव लावतात. म्हणून त्यांनी विचारलं, “कोणाकडून घेतलीस?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “आजोबांकडून.”

“आयोबा,” त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. “हा आयोबा कुठल्या गावचा?”

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली घेतलं.

“तरीच पहिली मात्रा आखूड.”